बाजू नाही, जेवायला घेतला

आमच्या वाडीतला पहिला पदवीधर मी. हे मी अजूनही सांगतो, कारण माझ्यासाठी ते सांगण्यासारखं आहे. बी.ए. झालो आणि त्याच कॉलेजात एम.ए.ला राहिलो. हॉस्टेलच्या माझ्या मजल्यावर फिजीची आणि केनियाची मुलं होती. नव्वदीच्या दशकात पुण्यात अशी परदेशी मुलं बरीच शिकायला येत. या दोन देशांच्या मुलांत रग्बीच्या तीन सामन्यांची मालिका ठरली होती. दोन सामने पुण्यात झाले, दोघांनी एकेक जिंकला. तिसरा अडला.

अडला तो प्रेक्षकांमुळे. फिजीच्या मुलांचे पूर्वज इकडूनच गेलेले. दिसायला आपल्यासारखी, बोलायला हिंदी, तीही जुन्या धाटणीची आणि ऐकायला गोड. साहजिकच कॉलेजची पोरं त्यांच्या बाजूनं ओरडायची. केनियाचा कोणी पडला की हसायची, काही जण वाईटसाईट नावंही ठेवायची. केनियाचा कप्तान माझ्या शेजारच्या खोलीत राहायचा, शेवटच्या वर्षाला होता. तो म्हणाला, "परीक्षा झाली की मी घरी जाणार. शेवटचा सामना मला अशा हसण्यात खेळायचा नाही. तिसरीकडे घ्या, नाहीतर सोडून द्या."

मी पटकन बोलून गेलो, "माझ्या गावात घेऊ."

"तिथले लोक कोणाच्या बाजूनं असतील?"

"कोणाच्याच नाही. आणि तुला कुणी हसणार नाही. माझा शब्द."

शब्द दिला आणि गावाकडची एसटी धरली. आमचं गाव खोडदपासून चालत पाऊण तासावर. तोवर गावानं परदेशी माणूस पाहिला तो खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या बघायला आलेला, गाडीतून उतरून टोपी सांभाळणारा. अंड्याच्या आकाराचा चेंडू घेऊन एकमेकांच्या अंगावर पडणारी वीस माणसं त्यांना कशी समजवायची?

वडिलांना सांगितलं. आमच्या घराण्यात आज्यापर्यंत मेंढरांचा मोठा कळप होता, वडिलांकडे तेव्हा वीस-पंचवीसच उरली होती, बाकी शेती. जत्रेचं मैदान मुरमाचं, पडलं की सोलून निघणार. वडील म्हणाले, "पडायचंच असंल तर आपल्या रानात पडा म्हणावं." बाजरी निघाली होती. त्यांनी मेंढरं आठ दिवस त्या रानात बसवली, दोनदा कुळव घातला, फळी फिरवली आणि कॅनॉलचं पाणी सोडून माती दाबून घेतली. मांडववाल्यानं चार उंच बांबू रोवून दिले. दोन टोकांना दोन दरवाजे उभे राहिले.

आदल्या दिवशी मी देवळाच्या कर्ण्यावरून सांगितलं, "दोन्ही संघ आपले पाहुणे आहेत. कुणाचीही बाजू घ्यायची नाही. कुणाच्याही नावानं ओरडायचं नाही. कुणी पडलं तर हसायचं तर अजिबात नाही. गावाच्या अब्रूचा प्रश्न आहे."

वडील म्हणाले, "न वरडता ख्योळ कसा बघायचा रं?"

"बघायचा."

"बरं. तू शिकलेला."

सकाळी दहाला टेम्पो आला. दहा-दहा खेळाडू आणि पंच म्हणून आमच्या कॉलेजचे खेळाचे सर. सगळं गाव बांधावर बसलं होतं. बाया एका अंगाला, म्हातारे बाभळीखाली, पोरं पुढं. सरांनी शिट्टी वाजवली.

आणि गाव गप्प.

असं गप्प की कुणी चेंडू पकडल्याचा थप्प आवाज बांधापर्यंत यायचा. फिजीच्या एका मुलानं तिघांना चुकवून पहिले गुण केले. टाळी नाही. केनियाच्या एकानं त्याहून भारी केलं. तरी टाळी नाही. लोक हात मांडीवर ठेवून बसलेले, जणू दहाव्याला आलेत. फक्त एकदा एका म्हाताऱ्यानं शेजारच्याला हळूच विचारलं, "पुढं जायचंय तर मागं का टाकत्यात?" रग्बीत चेंडू हातानं मागंच टाकायचा असतो, हे मी सांगायच्या आत पाच-सहा जणांनी त्याला "श्शू" केलं.

मी मनात म्हणत होतो, गावानं माझा शब्द राखला. पण खेळाडूंच्या चालीत काहीतरी बिघडत चाललं होतं. ते एकमेकांकडे बघायचे, मग बांधाकडे. मध्यंतराची शिट्टी झाली तेव्हा कप्तान घाम पुसत माझ्याकडे आला. "हे लोक रागावलेत का? आम्ही त्यांच्या शेताची नासधूस करतोय म्हणून?"

"नाही रे. मीच त्यांना गप्प राहायला सांगितलं."

"पुण्यात हसत होते, ते तरी कळत होतं," तो म्हणाला. "इथं तर कळतच नाही आम्ही आलोय की नाही."

तेवढ्यात बाया उठल्या.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे बाहेरून पाच-पंचवीस माणसं आली, मग सोयरीक ठरवायला येवोत की सप्ताहाला, तर त्यांचं जेवण एका घरावर टाकत नाहीत. गाव पाहुणे वाटून घेतं. दोन या घरी, एक त्या घरी. सामन्यानंतर जेवण, असं मी ठरवलं होतं. पण ख्योळ मधेच थांबला, पाहुणे घामाघूम होऊन बसले, ऊन डोक्यावर आलं, म्हणजे जेवणाची वेळ झाली असं गावानं धरलं. वडील रांगेतून चालत गेले आणि एकेकाच्या खांद्यावर हात ठेवत सांगत सुटले, "ह्यो सुताराकडं. ह्यो दूधवाल्याकडं. ह्यो वरल्या आळीला." संघ कोणता ते बघितलंच नाही. कप्तानाचा हात त्यांनी स्वतः धरला. "ह्यो आमचा."

सर धावत आले. "अहो, हाफ टाइम म्हणजे पाच मिनिटं!"

आई म्हणाली, "पाच मिन्टांत पावण्याला पाणी तरी पिऊन व्हतं का, सर? तुमी पण चला."

सरही गेले.

घरोघर मासवडी होती. बेसनाच्या वड्या, आत तीळ-खोबऱ्याचं सारण, वर जाळ काढणारा रस्सा आणि बाजरीची भाकरी. आमच्या ओसरीवर कप्तान मांडी घालून बसला. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं. आई गुळाचा खडा घेऊन धावली. त्यानं गूळ खाल्ला आणि पुन्हा रस्सा मागितला. वडील त्याच्यासमोर बसून राहिले, बोलणं तर काही समजत नव्हतं. नुसतं विचारत होते, "आई हाय का ह्याची? रान किती हाय? गुरं?" मी मधे बसून इकडचं तिकडं करत होतो. त्याच्या बापाकडे शेळ्या आणि मेंढ्या आहेत हे कळल्यावर वडील उठले, त्याला गोठ्यात घेऊन गेले आणि एका मेंढीचं तोंड उघडून दात दाखवले. त्यानं वाकून दात मोजले आणि बोटांवर तिचं वय सांगितलं. वडील माझ्याकडे वळले. "बग, ह्याला कळतंय. तुला न्हाई कळत."

दुसरा डाव सुरू झाला तो दीड तासानं. एकालाही पळता येत नव्हतं. चेंडू अंगावर आला तरी लोक पोट सांभाळत होते. आणि बांध? बांध पेटला होता.

नावं कुणाला येत नव्हती, म्हणून घरावरून हाका. "पळ रं सुताराच्या!" "वरल्या आळीच्या, सोडू नगं त्याला!" सुताराचा पाहुणा केनियाचा, दूधवाल्याचा फिजीचा. दोघं एकमेकांवर आदळले तसे सुतार आणि दूधवाला बांधावर उभेच राहिले. "आमच्या पावण्याला ढकलतोय व्हय?" "तुमच्याला जेवायला काय कमी घातलं, की उभं राहता येईना?" एका बाईनं तर सरळ रानात उतरून आपल्या पाहुण्याला ताकाचा तांब्या नेऊन दिला. सरांनी शिट्टी फुंकली. तिनं त्यांनाही ताक दिलं.

मी बघत होतो. गाव दोन तुकड्यांत नव्हे, वीस तुकड्यांत फुटलं होतं. मला हसू येत होतं. शेवटची पाच मिनिटं राहिली होती आणि फिजी थोडक्यात पुढं होती.

चेंडू कप्तानाकडे आला. समोर मोकळं रान. तो बांधाच्या कडेनं निघाला, आणि मला दिसलं की तो कुठं निघालाय. त्या कोपऱ्यात पाटाचं पाणी झिरपून चिखल झाला होता, त्यात आठ दिवसांची लेंडी. गुणांची रेघ दोन पावलांवर असताना त्याचा पाय सटकला. तो आडवा पडला, छातीवर घसरत गेला, तोंड चिखलात. चेंडू सुटून भलतीकडे.

पोरं हसली. मग बाया. मग अख्खा बांध खदाखदा हसला.

याच एका गोष्टीसाठी मी शब्द दिला होता. तो हातांवर उठून बसला, डोळ्यांतला चिखल पुसला आणि प्रेक्षकांकडे नाही, सरळ माझ्याकडे बघितलं.

तेवढ्यात वडील बांधावरून ओरडले, "आरं ऊठ की! माझ्या घरी चार भाकरी खाल्ल्यास, त्या गेल्या कुठं?"

पुन्हा हसणं. कप्तानानं विचारलं, "काय म्हणतायत ते?"

गोड करून काहीतरी सांगता आलं असतं. तेवढं इंग्रजी मला येत होतं. पण मी होतं तसं सांगितलं.

तो चिखलात बसून माझ्या वडिलांकडे बघत राहिला. मग हात वर केला आणि पाची बोटं पसरून दाखवली.

"पाच!" वडील दोन्ही हात वर करून सगळ्या बांधाला सांगत सुटले. "पाच खाल्ल्या म्हणतोय!" आता कप्तानही हसत होता, दात तेवढे पांढरे, बाकी सगळा आमच्या रानाचा. तो उठला. बांधानं टाळ्या वाजवल्या, दूधवाल्यानंसुद्धा.

सामना ते हरले. मालिका फिजीची झाली. संध्याकाळी टेम्पोच्या पायरीवर उभा राहून तो मला म्हणाला, "तू म्हणाला होतास, तुझं गाव कोणाच्याच बाजूनं नसेल. तुझे वडील तर चक्क माझ्या बाजूनं होते."

शेजारी वडील उभे होते. मी त्यांना सांगितलं, हा अशी तक्रार करतोय.

"बाजू कुठं घेतली?" वडील म्हणाले. "जेवायला घेतला नुसता." आणि आईनं बांधून दिलेलं मासवडीचं फडकं त्यांनी त्याच्या हातात ठेवलं.