भिंतीकडचा वाघ

“पेंटर भिंती रंगवते. मी आर्टिस्ट आहो,” असं म्हणून तो हाताने केस मागे सारायचा. हाताला कायम ओला रंग. त्यामुळे केस कधी हिरवे, कधी लाल. अमरावतीत त्याने रंगवलेल्या पाट्या तुम्हीही पाहिल्या असतील. दुकानाचं नाव बारीक, खाली त्याचं ठळक.

मी सुतार. शाळा चार बुकं झाली, पण मी जोडलेला लाकडाचा सांधा आजवर उघडला नाही. लाकूड आम्ही घडवायचं आणि वरून ब्रश फिरवून नाव यांनी न्यायचं, म्हणून रंगवाल्यांचं मला कधी कौतुक नव्हतं.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. अकोल्यात स्टेशनजवळ चहाचं हॉटेल चालवणाऱ्या एका चाचांनी मुंबईहून गोळी खेळायचं जुनं विलायती मशीन आणलं. दांडा ओढून सोडला की लोखंडी गोळी काचेखाली धावायची, घंटी वाजायची, दिवे लागायचे. यंत्र चांगलं होतं, पण लाकडी पेटी वाळवीने खाल्लेली, रंगाचे पोपडे निघालेले. लाकडासाठी चाचांनी मला बोलावलं, रंगासाठी त्याला.

पेटीवर विलायती बाया आणि चांदण्या होत्या. चाचा म्हणाले, “जैसा था वैसा बनाओ.”

“नक्कल मी करत नाही, चाचा. जन्मभर दुसऱ्याची नावं लिहिली. एक तरी चीज माही राहू द्या.”

आणि डाव्या बाजूला त्याने मेळघाटचा वाघ काढला. मेळघाटात तो कधी गेलाच नव्हता. तिकडे धारणीला जाणाऱ्या मोटारीत त्याला उलटी व्हायची. वाघाचा एक डोळा अकोल्याकडे, दुसरा अमरावतीकडे.

“बकरीले पट्टे कावून काढले?” मी विचारलं.

“तुले रंधा समजते. तेवढाच समज.”

मशीन हॉटेलात लावलं. विजेची जोडणी एकाच कोपऱ्यात, त्यामुळे पेटीची डावी बाजू थेट भिंतीला टेकली. बाहेर दिसली उजवी, नुसती लाल रंगवलेली.

“चाचा, मशीन फिरवा ना!” तो म्हणाला.

“फिराऊं तो खेलनेवाला दीवार में खड़ा रहेगा क्या?”

“मंग पुढं सरकवा.”

“तार नहीं पहुँचती, मियाँ.”

त्यानंतर तो सवड मिळाली की अमरावतीहून यायचा, मशीनशेजारी चहा घेऊन बसायचा आणि शेजाऱ्याला हळूच सांगायचा, “यामागं वाघ हाये.” नवीन गिऱ्हाईक पाय वर घ्यायचं.

मला म्हणायचा, “तू सांग ना चाचाले. तुहं ऐकते ते.”

“मी कायले सांगू? बरा लपला हाये तो.”

एका उन्हाळ्यात तो यायचा बंद झाला. कावीळ झाली नि गेला, असं चाचांनी सांगितलं. पुढे गिऱ्हाईकही कंटाळलं. चाचांनी मशीन जत्रेत खेळ लावणाऱ्या एकाला विकलं आणि पेटीचे पाय सोडवायला मला बोलावलं.

पेटी भिंतीपासून ओढली. उजव्या बाजूचा रंग गुडघे घासून पार उडाला होता, आतला साग दिसत होता. डावीकडे मात्र एक ओरखडा नाही. वाघ काल रंगवल्यासारखा पिवळाजर्द.

जत्रेवाला हसला, “हे काय, बकरी हाये का?”

मी पाना खाली ठेवला. “वाघ हाये तो. मेळघाटचा. नीट पाह्य.”

पेटी बैलगाडीवर चढवली ती मी फिरवून घेतली, वाघ रस्त्याकडे. गाडीवान कुरकुरला. कुरकुरू दे.

गाडी वळेपर्यंत रस्त्यावरची माणसं थांबून पाहत होती. बहुतेक हसत होती. मीही हसलोच, शेपटी फारच वाईट होती.