रघू राजा झाला तो पहिला खेळ

होडी एकच असते, पण ती तासताना ढलप्या किती पडतात ते कोणी मोजत नाही. आमच्या दशावतारी कंपनीचं तसंच. मोसमाचा पहिला खेळ एकच व्हायचा, आणि त्याच्या ढलप्या मी अजून झाडतो आहे. त्यातल्या एकाच वर्षाच्या सांगतो. मी होड्या बांधणारा सुतार. शाळा फार बघितली नाही, पण वाढवून सांगायची सवय मला नाही. खोटं वाटेल त्याने आमच्या तोंडवलीला जाऊन म्हाताऱ्यांना विचारावं.

*

गोवा अजून फिरंग्यांकडे होता, तेव्हाची गोष्ट. कंपनीचे मालक भाऊ. त्यांना त्या वर्षी पौराणिक खेळ नको होता. वरच्या गावांतल्या एका कंपनीने ऐतिहासिक लावून गर्दी खेचली होती. पण आपला इतिहास घ्यायला भाऊंची छाती होईना. एक वाक्य चुकलं तर लोक मांडवातून खाली ओढतील, म्हणाले. त्यांना असा इतिहास हवा होता, ज्यात चूक काढणारा गावात कोणी नसेल.

तेवढ्यात जानू खलाशी रजेवर आला. तो नॉर्वेच्या बोटीवर होता. त्याच्याकडे एक रंगीत पोस्टकार्ड होतं. जमिनीतून उकरून काढलेलं जुनं जहाज, दोन्ही टोकं वर वळलेली. ते व्हायकिंग लोकांचं, जानूने सांगितलं. उन्हाळ्यात समुद्रावर जाऊन लूट करायची, बाकीच्या दिवसांत घरी शेती. देव त्यांचे निराळे.

भाऊंनी विचारलं, त्यांच्यातलं कोणी मालवणात आहे का. जानू म्हणाला, एकही नाही.

"मगे ठरला," भाऊ म्हणाले.

*

आमच्यात लिहिलेलं नाटक नसतं. मालक गोष्ट सांगतो, आणि ज्याने त्याने आपलं बोलणं मांडवात उभ्या उभ्या करायचं. गोष्ट अशी ठरली: उत्तरेचा लुटारू राजा जहाजातून येतो, किनाऱ्यावरच्या राजाला मारतो, राणी शोक करते. पुढे काय ते कोणालाच ठाऊक नव्हतं. जानूलाही नव्हतं. तो म्हणाला, पुढे ते लुटीचा माल घेऊन घरी जातात.

लुटारू राजाचा पार्ट रघूने मागितला. रघू आमचा स्त्रीपार्टी. अठरा वर्षं लुगडं नेसून द्रौपदी, तारामती, मंदोदरी केलेली. त्याचा शोक ऐकायला लोक कुणकेश्वराकडून चालत यायचे. वाटेवरच्या बायका त्याला रघूबाय म्हणायच्या. त्याला ते आवडत नसे, पण तो कधी बोलला नाही.

त्या दिवशी बोलला. "भाऊनू, अठरा वर्षां मिशी भादरतंय. एकदा तरी ठेवून बघतंय."

भाऊंनी अट घातली. पहिल्या खेळाला लोकांनी राजा मानला, तर मोसमभर राजा. हसले, तर दुसऱ्या दिवशी वस्तरा आणि लुगडं. रघूने मान डोलावली आणि त्या दिवसापासून मिशी राखली.

*

पोस्टकार्डावर शिंगं नव्हती. जानू शपथेवर सांगत होता की त्यांच्या टोपाला शिंगं नसत, तिकडे शिकलेल्या माणसाने त्याला सांगितलं होतं. भाऊंनी मात्र शिंगवाला व्हायकिंग कुठल्या तरी बिस्किटाच्या डब्यावर बघितला होता. ते म्हणाले, शिंगं नसली तर लुटारू कोण आणि गावकरी कोण हे लोकांना कसं कळणार?

पहिली शिंगं खऱ्या रेड्याची आणली. रघूची मान वर होईना. राजा सगळा वेळ जमिनीकडे बघून धमक्या देत होता. मग मी पांगाऱ्याची कोरून दिली. पांगारा हलका. पण मी माप रेड्याचंच ठेवलं होतं, त्यामुळे नट रंगतात त्या झावळांच्या खोलीच्या दारातून रघूला सरळ बाहेर येता येईना. तो खेकड्यासारखा आडवा आला.

भाऊंनी विचारलं, राजा असा तिरका का येतो. मी सांगितलं, दार मी केलेलं नाही.

*

रघूचं चालणं ही मोठी अडचण होती. तलवार उपसली की त्याचा डावा हात आपोआप खांद्यावर जायचा. पदर सारखा करायला. पदर नव्हता, तरी जायचा.

भाऊंनी त्याला माझ्या मांडवीत, होड्या बांधायच्या छपराखाली, धाडला. मी त्याच्या खांद्यावर फणसाची फळी दिली आणि सांगितलं, दहा दिवस फळ्या वाहा. फळीखाली कंबर हलली तर माणूस पडतो. तो पडला, उठला, परत पडला. आठव्या दिवशी पडायचा थांबला. मला बरं वाटलं.

शेवटच्या दिवशी त्याने फळी खाली ठेवली, मिशीवरचा घाम पुसला आणि विचारलं, "मेस्तरीनू, पुरुष दिसतंय मां?"

मी म्हटलं, सुतार दिसतोस. राजाचं मला ठाऊक नाही.

*

भाऊंना पुठ्ठ्याचं जहाज हवं होतं. मी म्हटलं, माझ्या हातून पुठ्ठा होणार नाही. खरी होडी आणा, तिला तोंड मी लावतो. म्हणून खेळ खाडीच्या काठी आणि दुपारी ठरला. भरतीच्या पाण्यावर होडी मांडवापर्यंत येणार आणि राजा उतरणार. असं कोणी केलं नव्हतं.

मी सापासारखं तोंड कोरलं, जीभ बाहेर आलेली. ते घेऊन होडीवाल्याकडे गेलो. त्याची आई अंगणात मासे सुकत घालत होती. तिने तोंड बघितलं आणि उठून उभी राहिली. होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, तिने नारळी पुनवेला कुंकू लावून नारळ वाढवला होता. तो देवाचा मान.

"माज्या होडयेच्या तोंडाक राकेस लावतास?" ती म्हणाली.

म्हातारीचं बरोबर होतं. तिथे मीही लावला नसता. मग तोड निघाली. राक्षस होडीच्या मागच्या टोकाला लावायचा आणि होडी उलटी वल्हवत आणायची, म्हणजे लोकांना तोंड पुढे दिसेल. वल्हवणाऱ्यांना ते जमेना. होडी डावीकडे जायची, मग उजवीकडे, मग गोल फिरायची. जानू काठावर बसून बघत होता. म्हणाला, असे आले असते तर ते लोक इंग्लंडपर्यंत पोचलेच नसते.

*

वल्हवणाऱ्यांनाही शिंगं चढवून ती उलटी होडी आम्ही पाण्यात घालून बघितली, आणि पलीकडच्या काठाच्या लोकांनी ती बघितली. त्यांना नाटकाचं ठाऊक नव्हतं. शिंगं घातलेली माणसं बोटीतून आली आणि मागे मागे जाऊ लागली, एवढंच त्यांना दिसलं. त्यांनी आमच्या गावच्या पोलीस पाटलांना निरोप धाडला की फिरंगी उतरले.

पाटील माझ्या मांडवीत आले. सोबत दोन माणसं आणि एक काठी. रघू तेव्हा शिंगांसकट ओंडक्यावर बसून पेज पीत होता. पाटलांनी दारातूनच नाव आणि गाव विचारलं. भाऊंनी रघूला बजावलं होतं की खेळ होईपर्यंत पार्ट सोडायचा नाही. तो उठला आणि खालच्या आवाजात म्हणाला, गाव उत्तरेस, बर्फात. नाव ऐकलं तर गलबतं बुडतात.

पाटलांनी टोपी काढली. सोबतची दोन माणसं तोवर बाहेर पोचली होती.

मग पाटलांनी नीट बघितलं. "बाये, तू?" असं म्हणाले, टोपी घातली आणि गेले. पण रघू दिवसभर खूश होता. टोपी काढली ना, म्हणायचा. आधी काढली.

*

खेळाचा दिवस. गाव लोटलं होतं. आमचं सगळं गणित भरतीवर होतं. आणि किनाऱ्यावरचा राजा होता आबा.

आबा आमचा जुना नट. दरबारात एकदा धर्मावर बोलायला लागला की भूक लागेपर्यंत थांबत नसे. भाऊंनी त्याला थोडक्यात आटपायला सांगितलं होतं. आबाने ऐकून घेतलं होतं.

आबा बोलत राहिला आणि पाणी चढत राहिलं. होडी वेळेवर आली, उलटी आली, राक्षसाचं तोंड पुढे. आबाने सिंहासनाच्या बाकड्यावरून तिच्याकडे बघितलं आणि राजाच्या चार कर्तव्यांपैकी दुसरं सुरू केलं. रघू होडीत तलवार उगारून उभा. हात दुखला की तो हात बदलायचा. लोक एकदा इकडे बघत, एकदा तिकडे. एकाने मला विचारलं, ते आलेत की निघालेत? मी म्हटलं, बघत राहा.

तिसऱ्या कर्तव्याला सुकती लागली. पाणी मागे गेलं आणि होडी चिखलात बसली. मांडव तीस पावलांवर.

रघू चिखलात उतरला. चार पावलं राजासारखा चालला. पाचव्या पावलाला त्याने अंगरख्याचा काठ दोन बोटांनी अलगद उचलला, भिजू नये म्हणून. दहा दिवसांची फळी तिथेच वाहून गेली. बायकांमधून आवाज आला, "अगो, ही तर आपली रघूबाय!"

सगळं गाव हसलं. भाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी चिखलाकडे बघितलं.

*

रघूने मांडवात येऊन आबाला मारलं. आबा मरतानाही थोडं बोलला. मग पाटील उठले. गावचा मान त्यांचा, त्यांना बसा कोण म्हणणार? त्यांनी पेटी थांबवायला सांगितलं आणि भाऊंना विचारलं, ह्यात देव कोण.

भाऊ म्हणाले, ऐतिहासिक आहे. पाटील म्हणाले, असेल. पण देव कोण? दशावतारात देव आल्याशिवाय कोणी घरी जाणार नाही.

भाऊ घाबरले. विष्णू करणारा नट त्या दिवशी होडी वल्हवत होता. त्याला चिखलातून ओढून आणला आणि मुकुट घालायला खोलीत धाडला. घाईत त्याची शिंगं काढायची राहिली. मुकुट शिंगांवर बसला. तो बाहेर आला तेव्हा लोकांनी हात जोडावेत की पळावं हे त्यांना ठरवता येईना. निम्म्यांनी जोडले. पाटलांनीही जोडले आणि खाली बसले. म्हणाले, आता चालू द्या.

*

राहिला राणीचा शोक. राणी होता केशव, नवा स्त्रीपार्टी. रघूची जागा त्याला दिलेली. आबा मरून पडलेला, डोक्याशी केशव बसला, आणि त्याचं तोंड उघडेना. इतक्या हसण्यानंतर शोक कुठून सुरू करावा ते त्याला सापडेना. पेटीवाल्याने सूर धरला, सोडला, परत धरला. मागून कोणीतरी शीळ घातली.

रघू आबाच्या पायाशी उभा होता. तलवार हातात, शिंगं डोक्यावर, गुडघ्यापर्यंत चिखल. मला वाटलं, आता हा आत जाईल. तो गेला नाही. त्याने तलवार खाली ठेवली, आबाजवळ बसला, केशवचा हात आपल्या हातात घेतला आणि शोक सुरू केला. अठरा वर्षांचा त्याचा तोच आवाज. ज्याला आपण मारलं त्याच्यासाठी तो रडला. घरी थांबलेल्या बायकोचं बोलला, विझलेल्या चुलीचं बोलला. ती बायको आबाची की त्या बर्फातली, कळत नव्हतं. मिशीवरून पाणी ओघळत होतं. शीळ घालणारा गप्प झाला. बायकांनी पदर तोंडाला लावले. होडीवाल्याची म्हातारी मोठ्याने रडायला लागली. जानू खलाशी दुसरीकडे तोंड करून बसला. मी कंपनीच्या सामानाच्या पेटाऱ्याची कडी घट्ट धरून उभा होतो.

शोक संपला. टाळी पडली नाही.

मग पाटील नारळ घेऊन मांडवात चढले. त्या दिवशी गावाने ज्याला मानलं, त्याच्या हातात तो द्यायचा. ते रघूसमोर उभे राहिले. शिंगांकडे बघितलं, मिशीकडे बघितलं, ओल्या डोळ्यांकडे बघितलं. नारळ पुढे केला, मागे घेतला. मग भाऊंना विचारलं, हा मी कोणाला देतो आहे, राजाला की राणीला?

भाऊ रघूकडे वळले. "तूच सांग. उद्याचा पार्ट पण त्येच्यावर."

रघू उठला. खाली ठेवलेली तलवार उचलून कमरेला खोचली आणि दोन्ही हात पुढे केले.

"राजाक द्या," तो म्हणाला. "राणी आसाच, ती खंय जातली?"