टाळ्यांचा धनी ऑर्विल

अमेरिकेतल्या टेनेसीत सरकारने मोठ्या वयाच्यांनाही कम्युनिटी कॉलेजची, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजची, फी माफ केली, तेव्हा अठ्ठेचाळिसाव्या वर्षी नाव घालणारा गावात ऑर्विल मिस्त्री एकटाच. अख्ख्या चर्चने त्याच्यासाठी प्रार्थना केली. बीजगणिताने मात्र त्याला महिन्याभरात लोळवलं आणि त्याने वर्ग सोडला. घरी सांगायची लाज, म्हणून वर्गाच्या संध्याकाळी तो दप्तर घेऊन निघायचा आणि नदीकाठी गाडीत बसून राहायचा.

रविवारी चर्चमधल्या जेवणाआधी पाद्रीबाबा म्हणाले, "फीमाफीच्या पहिल्या वर्षाचा निकाल टीव्हीवर ऐकलात ना? भरती दणक्यात वाढली, पण बरेच जण मधेच गळाले. आपला गडी टिकलाय! ऊठ रे ऑर्विल!"

टाळ्या पडल्या. बायको ओलेटा तर उभी राहून वाजवत होती. ऑर्विल उठला, पण मान काही वर होईना.

"मी गळालेल्यांतलाच आहे," तो पुटपुटला.

टाळ्या विरल्या. ओलेटाच्या सर्वांत शेवटी.

"मग दर मंगळवारी जातोस कुठे?"

"नदीवर. गाडीत बसतो."

"आणि मी मेली तुझा अभ्यास म्हणून घरात टीव्हीसुद्धा हळू लावते! बस खाली. चिकन गार होतंय."

सगळ्यांत मोठा तुकडा तिने त्याच्याच ताटात वाढला. त्यापेक्षा चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं त्याला वाटलं.