खालच्या विहिरीची ओटी

नाल्याकाठानं चालत आम्ही मजुरांच्या झोपड्यांच्या तिसऱ्या रांगेला पोचलो, तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. सत्यभामाबाईंच्या हातात गेरूची वाटी; मी याच वस्तीतली, त्यांच्या सोबतीला, माझ्या हातात पाण्याचा तांब्या. बाई भंडाऱ्याकडच्या, कॅम्पच्या दवाखान्यात सुईण. कारखाना उभा राहत होता, रोज माणसं येत होती आणि जागा दिसेल तिथं झोपडी घालत होती. पुराचं पाणी कुठं शिरेल, लेकरं-म्हातारी कोणत्या वाटेनं काढायची, हे पावसाआधी पाहून ठेवायचं काम डॉक्टरांनी बाईंना दिलं होतं.

पाणी किती चढलं होतं, असं बाई विचारतच नसत. पुरुषांना विचारलं तर कोणी गुडघा सांगे, कोणी छाती. बाई घरधनिणीला विचारत, "मागच्या पावसात पिठाचा डबा कुठं ठेवला होता वं?"

पहिल्याच झोपडीतल्या, इथल्या जुन्या भागाबाईनं फळी दाखवली. "आधी खाली होता. मंग फळीवर. मंग माह्या डोक्यावर."

"अन् नवरा?"

"त्याले कावून उचलू? त्याले पोहता येते."

शेजारणी हसल्या. बाईंनी फळीच्या बऱ्याच खाली गेरूची रेघ ओढली. "इथवर पाणी आलं का लेकरं घेऊन रुळाच्या चढावर निघाचं. डबा उचलत बसाचं नाही."

रेघा सगळ्यांनी ओढू दिल्या. अडत होतं ते खालच्या विहिरीपाशी. पूर आला की नाल्याची घाण तिच्यात उतरे. मागच्या वर्षी बाईंनी तिचा दोर काढून नेला आणि वरच्या नव्या विहिरीवर जायला सांगितलं. वर कोणी गेलं नाही. बायकांनी नाल्याच्या वाळूत झिरे उकरले, तेच पाणी प्यायल्या. पटकी आली. याच रांगेतल्या धोंडबाची लेक हिरा त्यात गेली. "दोर काढाले नोको होता, माहीच चूक," बाई सरळ म्हणत.

आमच्याकडं बाळंतीण बाराव्या दिवशी विहिरीची ओटी भरते, मगच पाणी शेंदते. ओटी भरलेली विहीर सोडली तर लेकराला बाधतं, असं मानतात. मीही मानते.

"तिन्ही लेकरांची ओटी हिचीच भरली म्या," भागाबाई खालच्या विहिरीकडं हात करून म्हणाली. "हिले टाकून कशी जाऊ?"

बाईंनी वाद घातला नाही. आम्ही चढ चढून वरच्या विहिरीवर आलो. पाणी नितळ होतं, पण कठड्यावर हळदीचं एक बोटही उमटलेलं नव्हतं. मला सातवा लागला होता, दम लागला. बाईंनी मला कठड्याजवळ बसवलं.

"नलू, तुले आषाढात होईन ना?"

"देवाच्या मनात असलं तं."

"गुरवारी पोथी वाचते, तवा भागाबाईसकट साऱ्या येतात तुह्याकडं. तुह्यं आयकतात त्या."

"पोथीचं आयकतात, बाई. माह्यं नाही."

"तेवढं पुरे हाये." बाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "मंग एवढं कर माह्यासाठी. तुह्या लेकराची ओटी या विहिरीची भर. त्या दिवशी आधी खालच्या विहिरीले नमस्कार कर, तिची आज्ञा घे, अन् साऱ्याजणींले संग घेऊन वर ये. त्यांच्या लेकरांच्या नावानंही त्यांच्याच हातून इथं हळद लावून घे. करशीन?"