नुसते हात हलवा

लग्न होऊन टेंभुर्णीला आल्ते, तेव्हा पखवाजाशी माझा संबंध कणकेपुरता. आमचे मालक भजनी मंडळात वाजवायचे. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापली की आवाज घुमतो, म्हणून भजनाच्या आधी हाक यायची, "अगं, कणीक दे!" मळायची मी, वाजवायचे ते.

एकदा कणीक मीच थापली अन् हात मारून पाह्यला. काय सांगू, आवाज पोटात उतरला! मालक हसले, अन् शिकवायला बसले. बायांचं हरिपाठ मंडळ निघालं तेव्हा गावात कुजबुज, बाईमाणसानं पखवाज गळ्यात घालायचा? घातला! सोयाबीन सोंगून हात सोललेले असायचे, तरी संध्याकाळी बोटं शिवशिवायची. मालक ओट्यावरून ऐकायचे. चुकलं की तोंड वाकडं, जमलं की मान डोलवायची. त्या मानेसाठीच मी वाजवायची, खोटं कशाला बोलू?

मंग स्पर्धा आल्या. एकसारख्या साड्या, एकसारखी पावलं, तोंडावर हसू. हरिपाठ राह्यला बाजूला. परवा जाफराबादला स्टेजवर चढताना साउंडवाला म्हणतो, "ताई, रेकॉर्डिंग लावतो. तुम्ही नुसते हात हलवा."

माझं डोकंच फिरलं. म्हणलं, "मी काय इथं माश्या हाकायला आले का?" तर आमच्याच बाया मला दटावून राह्यल्या, "जाऊ दे ना, नंबर यायला पाह्यजे." नंबर! आग लागो त्या नंबराला. मी कणीक लावली अन् जीव खाऊन वाजवलं. माझा माईकच बंद होता. स्पीकरमधून भलताच कोणी वाजवत होता, अन् उत्कृष्ट पखवाजाचं बक्षीस मला दिलं. वर फोटोसाठी हसायला लावलं मेल्यांनी.

मालक घरी मोबाइलवर सगळं लाइव्ह बघत होते. बाकी कोणाला कळलं न्हाई तरी यांच्या कानाला कळलंच असेल, एवढ्या एका आशेवर मी जीपमध्ये बसून घरी आले.

दारातच उभे होते. डोळे भरलेले. म्हणाले, "इतकं चांगलं तू आजवर कधीच वाजवलं न्हाई."

"हातानं वाढून घ्या," म्हणलं, अन् पखवाज माळ्यावर टाकला.