माधवीने फिरवलेले पलंग

नोव्हेंबरमधला दुसरा रविवार, सकाळ. जागा, लखनौच्या गोमतीनगरमधला माधवीचा फ्लॅट. हजर: माधवीचे यजमान आनंद भावजी, हवाई दलातून निवृत्त; त्यांची मुलगी इरा, बेंगळुरूहून आलेली; माझे यजमान प्रकाश, रेल्वेत इंजिनिअर; आणि मी. माधवीला जाऊन महिना उलटून गेला होता. विषय एकच होता. फेब्रुवारीत नाशिकजवळच्या एका द्राक्षमळ्यातल्या हॉटेलात आम्हा दोन जोडप्यांसाठी दोन खोल्या घेतलेल्या होत्या, त्या ठेवायच्या की सोडायच्या?

इराचं म्हणणं स्पष्ट होतं. "मावशी, कैंसल कर दीजिए. पापा से नहीं होगा. ते माझ्याबरोबर चलेंगे, बस." भावजी खिडकीकडे तोंड करून बसले होते. माधवी गेल्यापासून ते इमारतीच्या फाटकाबाहेर पडले नव्हते. दूध, भाजी, औषधं सगळं घरपोच. मला दिसत होतं की आज ही एक गोष्ट हातची गेली तर पुढचं सगळं इरा ठरवेल, आणि हा माणूस कुठल्याही गोष्टीला हो किंवा नाही म्हणायचंच सोडून देईल. इराची चूक नव्हती. तिला तिचं घर आहे, नोकरी आहे, आणि बापाला असं एकटं सोडून जाणं कुणालाही जड जाईल.

मी कामाची बाई आहे. प्रवास ठरवायचा म्हटलं की तिकिटं, औषधं, चार्जर, कुठे किती वाजता, सगळं माझ्याकडे. पण त्या सकाळी मला एका जागी बसवत नव्हतं. मी उठून कप उचलले, धुतले, पुसले, पुन्हा येऊन बसले. त्या घरात एका जागी न बसण्याचं काम इतकी वर्षं माधवी करत होती...

ती गेली त्या दुपारी मी हजरतगंजमध्ये चष्म्याच्या दुकानात होते. भावजींचा फोन आला. "वहिनी, या. लगेच या." एवढंच. मेंदूत रक्तस्राव झाला होता. मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. आदल्याच संध्याकाळी आम्ही दोघी या सहलीवरून फोनवर भांडलो होतो. भांडण म्हणजे आमचं नेहमीचंच. मी तीन मळे आणि तीन हॉटेलं आखली होती. ती म्हणाली, "अगं सुनीता, या वेळी एकच जागा घे. मला रोज सामान भरायचा कंटाळा आलाय." मी चकित झाले. जन्मभर जी बाई एका खुर्चीत दहा मिनिटं टिकली नाही, ती एका जागी राहू म्हणत होती. शेवटी मी तिचं ऐकलं, रात्रीच बुकिंग करून टाकलं आणि तिला कळवलं. तिचं उत्तर आलं, "शाबास. आता झोप."

आमची ओळख लखनौच्या मराठी मंडळींच्या गणपतीत झाली. ती साताऱ्याची, मी अकोल्याची. नाशिकशी दोघींचाही काही संबंध नाही. द्राक्षमळ्यातल्या हॉटेलांचं खूळ तिच्याच डोक्यातून निघालं. आणि पहिल्याच वेळी तिने जो घोळ घातला तो लखनौत राहणारा मराठी माणूसच घालू शकतो. दर उन्हाळ्यात आम्ही जवळच्या मलिहाबादला बागेत दशहरी आंबे खायला जायचो. तिचा हिशेब सोपा होता. "आंबा जूनमध्ये, मग द्राक्षंही जूनमध्येच. फळ म्हटलं की उन्हाळा." इराच्या सुट्ट्याही तेव्हाच. चारबाग स्टेशनहून गाडी पकडून, एक रात्र नि अर्धा दिवस प्रवास करून आम्ही मळ्यातल्या त्या देखण्या हॉटेलात पोचलो आणि बघतो तर नुसती पानं. हिरवीगार, ओळीने लावलेली, मैलभर पानं. एक घड नाही. स्वागताला आलेल्या मुलीने नम्रपणे सांगितलं, "मॅडम, एप्रिलमध्ये छाटणी होते. द्राक्षं जानेवारीनंतर." प्रकाश माझ्याकडे बघायला लागले, मी माधवीकडे. तिने शांतपणे पर्स खांद्यावर चढवली. "पानं तर पानं. मलिहाबादला पानं बघायला कोण देतं?"

त्यानंतर मात्र आम्ही फेब्रुवारी कधी चुकवला नाही. मळे पाहिले, वाइनच्या पिंपांनी भरलेली थंडगार तळघरं पाहिली, पेले फिरवून वास घ्यायला शिकलो. शिकवणारा म्हणाला, "यात तुम्हाला कशाची आठवण येते?" माधवी म्हणाली, "चिंचेच्या साराची." भावजींनी आपला पेला संपवून तिचाही संपवला. "मेसमधली रम बरी होती," म्हणाले, आणि पुढच्या टेबलाकडे सगळ्यांच्या आधी निघाले.

पण माझ्या डोळ्यांसमोर राहतात त्या खोल्या. खोलीत शिरल्यावर मी आधी गरम पाणी येतंय का ते बघते. माधवी पलंग बघायची. हॉटेलवाले पलंग लावतात टीव्हीच्या दिशेने. तिला सकाळी डोळे उघडले की वेली दिसायला हव्या असायच्या. "आनंद, पाय धर." भावजी बूटही न काढता पलंगाचा पाय धरायचे. फरशीवर घसरण्याचा तो आवाज भिंतीपलीकडे आम्हाला ऐकू यायचा आणि प्रकाश म्हणायचे, "झालं, विंग कमांडर कामाला लागले." मग ती कपाटात कपडे लावायची, टेबलावर घरून आणलेला रुमाल अंथरायची. एका रात्रीसाठी. मी म्हणायचे, अगं, उद्या सकाळी निघायचंय. ती म्हणायची, "बदल्यांवर बदल्या झाल्या आमच्या. पहिल्या दिवशी घर लावलं नाही तर ते कधीच लागत नाही." निघताना पलंग पुन्हा जिथल्या तिथे. गादीवरची चादरसुद्धा ताणून. एकदा व्यवस्थापक धावत आला, "मॅडम, हा हलणार नाही, भिंतीला पक्का आहे." "बरं," ती म्हणाली, "मग आम्ही उलटे झोपतो." आणि दोघं पायथ्याकडे उशा घेऊन झोपले. पहाटे मी पाहिलं तर ती वेलींच्या ओळींमधून एकटीच फिरत होती, शाल डोक्यावरून घेतलेली, चपला मातीने भरलेल्या. एका ओळीत शिरायची, दुसरीतून निघायची... कुठे पोचायचं नसल्यासारखी, आणि तरी घाईत.

त्या रविवारी पुढे काय झालं ते सांगते. प्रकाश म्हणाले, "रद्द नको, पुढे ढकलू." इरा म्हणाली, "अंकल, ढकलून काय होणार? एक ही बात है." मला मनापासून वाटत होतं की त्यांनी यावं, पण असं वाटणं माझ्यासाठी होतं की त्यांच्यासाठी, ते मला सांगता येत नव्हतं.

भावजी खिडकीबाहेर बघत बोलले. "तो पलंग मला एकट्याला उचलायचा नाही."

प्रकाशनी चहाचा कप खाली ठेवला. "दुसरी बाजू मी धरतो, आनंदराव. पण बूट काढून. माझी पाठ तुमच्यासारखी फौजी नाही."

भावजी हसले असं म्हणणार नाही. त्यांनी मान हलवली आणि इराकडे वळून म्हणाले, "बेटा, मार्चमध्ये येतो तुझ्याकडे. महिनाभर राहीन. त्याआधी नको. और टिकट मैं खुद करूँगा." मग इरा मला म्हणाली, "मावशी, पापा की दवाइयाँ मैं आपको लिखवा दूँगी." जाताना भावजी आम्हाला सोडायला फाटकापर्यंत आले, आणि फाटकाबाहेर रिक्षा मिळेपर्यंत उभे राहिले.

गाडीची तिकिटं झाली आहेत. औषधांची नावं इराकडून घेतली. प्रकाशना पाठीचा पट्टा आणायला सांगितलाय. सोमवारी हॉटेलचा निरोप आला. त्यांनी फार साधी गोष्ट विचारली आहे, जी ते प्रत्येकाला विचारतात: दुसऱ्या खोलीत एक मोठा पलंग हवा की दोन वेगळे? दोन वेळा फोन हातात घेऊन मी भावजींचं नाव काढलं आणि ठेवून दिलं. त्यांना हे कसं विचारायचं ते मला सुचत नाही, आणि न विचारता ठरवायचा हक्क मला नाही. हॉटेलने आज पुन्हा आठवण करून दिली. उत्तर अजून द्यायचं राहिलंय.