राहुकाळातलं वाचन

मी महिनाभरात चार मराठी पुस्तकं वाचणार होतो आणि त्यासाठी मला फक्त राहुकाळ पुरणार होता.

झालं असं, की लेकीच्या लग्नात पुण्याच्या व्याह्यांपुढे मी छाती फुगवून बोललो, ‘‘आम्ही पिढ्यान् पिढ्या कुंभकोणमला असलो तरी मराठी वाचणं सुटलं नाही!’’ (आमच्या घरात मराठी बोलतात. वाचतात ती तमिळ वर्तमानपत्रं.) व्याही गहिवरले. त्यांनी चार जाडजूड कादंबऱ्या पाठवल्या आणि फोनवर सांगितलं, ‘‘पुढच्या महिन्यात येतोय, रावसाहेब. निवांत चर्चा करू!’’

लेकीच्या सासरी आता माझी अब्रू त्या चार पुस्तकांवर टांगलेली होती. पण वेळ कुठे? माझं पितळी भांड्यांचं दुकान. सकाळपासून समया, घंगाळी, कॉफीचे डबरा-टंबलर, म्हणजे वाटी-पेले! मग घरातल्या भिंतीवरच्या, रोज एक पान फाडायच्या आणि राहुकाळाची वेळ छापलेल्या कॅलेंडरकडे लक्ष गेलं आणि डोक्यात प्रकाश पडला. राहुकाळात आमच्या गावात कुणी शुभ वस्तू घेत नाही. म्हणजे रोज दीड तास दुकानात चिटपाखरू नसतं. मंगळवारी दुपारी तीनला, शुक्रवारी सकाळी साडेदहाला, अशी रोज वेगळी वेळ. पण सुट्टी हक्काची!

‘‘राहुकाळांत पुस्तकाचा आरंभ करतोस?’’ आई कडाडली. ‘‘बुद्धि आहे कां तुला?’’

‘‘मग काय करूं, आई?’’

‘‘चांगल्या वेळेला आरंभ करून ठेव. मग राहुकाळांत पुढें वाच. चालतं.’’

म्हणून गुरुवारी सकाळी अंघोळ करून, देवापुढे बसून मी चारही पुस्तकांचं पहिलं पान एका दमात वाचून टाकलं. तिथेच घात झाला. एकात विधवा मावशी होती, एकात फौजदार, एकात बुडालेलं जहाज आणि एकात गाय. उठलो तेव्हा मावशी जहाजात होती आणि फौजदार गाय शोधत होता! नीट कळावं म्हणून दुपारी राहुकाळात पुन्हा पहिलं पान उघडलं, तर आई म्हणाली, ‘‘पहिलं पान म्हणजे पुन्हा आरंभच की!’’ आता मागे जाता येईना आणि पुढचं कळेना.

तरीही मी हिंमत धरली. शुक्रवारी साडेदहाला पुस्तक उघडून बसलो, तोच मेलकावेरी भागातले सुंदरम मामा आत आले.

‘‘राव सार, बँकेत निघालो होतो. पण राहुकाळ लागला. म्हटलं, तुमच्याकडे बसावं.’’

मागोमाग शेजारचा पानवाला आला. त्याला नवा करार करायचा होता, पण राहुकाळ! मग एका वधूच्या आईवडिलांची जोडी आली. ती पत्रिका द्यायला निघाली होती, पण राहुकाळ! माझ्या लक्षात न आलेली गोष्ट एवढीच, की राहुकाळात मी एकटा मोकळा नसतो. अख्खं कुंभकोणम मोकळं असतं! आणि माझ्या दुकानात पंखा आहे.

रोज तेच. लोक यायचे, मी पुस्तक मिटायचो, दुकानामागच्या घरातून कॉफी मागवायचो. सरस, म्हणजे माझी बायको, टंबलर ठेवायला जागा हवी म्हणून पुस्तकं उचलून आत न्यायची. राहुकाळ संपला की मंडळी ताडकन उठायची आणि दारातून गिऱ्हाइकं आत घुसायची. सुंदरम मामा तर पुढे आदल्या दिवशीच विचारू लागले, ‘‘उद्या कितीला येऊ?’’

महिना संपला, व्याही आले. जेवणं झाली आणि त्यांनी पाट सरकवला.

‘‘हं, रावसाहेब! कादंबऱ्या कशा वाटल्या?’’

मी आशेनं कॅलेंडरकडे पाहिलं. ‘‘नवा विषय... राहुकाळ तर नाही ना?’’

‘‘नाही रे,’’ आई आतून म्हणाली, ‘‘उत्तम वेळ आहे. बोल तूं!’’

‘‘ती मावशी...’’ मी घाम पुसत म्हणालो, ‘‘जहाज बुडताना गाईला सोडत नाही, ते फारच हृदयस्पर्शी!’’

व्याह्यांचा विडा तोंडातच राहिला. तेवढ्यात दारातून सरस म्हणाली, ‘‘मावशीचं पुस्तक वेगळं, जहाजाचं वेगळं.’’ आणि तिनं चारही गोष्टी शेवटासकट सांगितल्या! वर फौजदाराचं लग्न उगाच लावलं, असंही सुनावलं. व्याही मान डोलावत राहिले.

मी चाट. ‘‘तूं कधी वाचलीस?’’

‘‘तुमचा राहुकाळ सोडून! बाकी सगळा वेळ पुस्तकं रिकामींच होतीं की!’’

व्याही माझ्याकडे वळले. ‘‘मग रावसाहेब, तुम्ही महिनाभर वाचलंत तरी काय?’’

मी भिंतीकडे बोट दाखवलं. कॅलेंडर मी एक दिवसही न चुकवता वाचलं होतं, अगदी पानापानानं. फक्त शेवट विचारू नका म्हटलं. अजून डिसेंबरपर्यंत पोचलो नव्हतो!